अनुभव धागा: भलत्याच्याच दारात आलेली बंदूक

खेड्यात पार्सल आता घरी येत नाही. फाट्यावरच्या पानठेल्यावर नाहीतर किराणा दुकानात येतं, आणि ज्याला ओटीपी सांगता येतो तो घेऊन जातो. साडी, फवारणीचा पंप, मोबाइलचं कव्हर इथवर ठीक आहे. पण मध्यंतरी आमच्या आर्वीकडच्या एका गावात दुकानदारानं लांबुळका खोका दुसऱ्याच घरी दिला आणि आतून एअरगन निघाली. घरच्या म्हातारीनं ती गोठ्यात नेऊन कडब्याखाली दडवली. आपल्याकडं शस्त्राचा परवाना माणसाच्या नावावर असतो आणि पार्सल मोबाइल नंबरवर चालतं. सगळा घोळ तिथं आहे असं माझं मत. बंदूक, छर्रे, तलवार मागवताना, पाठवताना किंवा चुकून हाती पडल्यावर तुम्हाला काय अनुभव आला ते लिहा. गाव आणि धंदा सांगा, नावं नकोत.

ग्रामीण डाकसेवक, साकोली तालुका

आमच्या गावात एकाच नावाचे दोघे. आडनावही तेच. फरक वडिलांच्या नावात, आणि पाठवणारा वडिलांचं नाव लिहीत नाही. पार्सल जड, वर लिहिलेलं 'खेळाचं साहित्य'. त्यातल्या चुकीच्यानं सही करून घेतलं, फोडलं, आणि संध्याकाळी तसंच उघडं घेऊन माझ्या दारात. म्हणे, ‘हे ठेवा तुमच्याकडं, माझं नाव कुठं येऊ देऊ नका.’ फोडलेलं पार्सल मी असंच कसं घेणार? उपडाकघरात फोन लावला. दोन माणसांसमोर काय निघालं ते लिहून घेतलं, त्याची सही घेतली, पुन्हा बांधून वर पाठवलं. दुसऱ्या दिवशी खरा मालक भांडायला हजर: माझी माकडं हाकलायची बंदूक कुठं आहे? त्याचंही बरोबरच होतं. नळी ०.१७७ इंचापर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअरगनला परवाना लागत नाही. त्यावर गेली तर लागतो. पण माकडावर प्रत्यक्ष छर्रा मारला तर वनखात्याशी गाठ, हे त्याला तिथंच सांगून टाकलं.

संत्रा बागायतदार, वरूड

बारा बोर हाय आपल्याकडं, शेतीसंरक्षणाची. आंधी बाबाच्या नावावर होती, आता माह्या. ज्यायनं रानडुक्कर अन् रोही पायले नाई त्यायनं ‘काहून लागते’ म्हनून इचारू नोका. घोडा बिघडला म्हनून अमरावतीच्या दुकानात दुरुस्तीले देली होती. पेरनीचे दिवस. दुकानदाराले फोन केला, बाप्पा, कुरिअरनं पाठोन दे ना, पैसे देतो. तो म्हने, ‘भाऊ, बंदुकीले तुमच्यासंग याव लागते अन् तुमाले परवान्यासंग. एक जरी मांगं रायला तं तीन-पंचवीसचं कलम लागते.’ गेलो मंग. असली परवाना खिशात, बंदूक खाली करून कव्हरात, काडतुसं येगळी. रस्त्यात नाकाबंदी होती. हवालदारानं बंदुकीचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडून पायला अन् सोडलं.

इलेक्शन आलं का तं आनखी मजा. ठान्यातून निरोप येते, बंदूक जमा करा. डुक्करं वावरात अन् बंदूक ठान्यात. डुकरायले आचारसंहिता लागत नाई.

धागाकर्ता

हे शेवटचं वाक्य तहसीलच्या भिंतीवर रंगवलं पाहिजे. गंमत बघा, भद्रावतीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार, स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय नागपुरात. एवढं सगळं आपल्या अंगणात आणि एक खोका आला की अख्खं गाव गांगरतं.

निवृत्त हवालदार, वाशीम जिल्हा

वरूडच्या भाऊंनी म्हटलेलं तीन-पंचवीस म्हणजे विनापरवाना बंदूक. चार-पंचवीस म्हणजे तलवार, सुरा. १९५९ च्या शस्त्र कायद्याची कलमं ठाण्यात अशीच बोलली जातात. माझ्या नोकरीत बंदुकीपेक्षा तलवारींचीच पार्सलं जास्त पाहिली. लग्नसराईत नवरदेवाच्या हातात कट्यार हवी, मिरवणुकीला तलवार हवी, मग कुणीतरी मोबाइलवरून मागवतो. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलं की ‘शोभेची वस्तू’ हा जाहिरातीतला शब्द कामाला येत नाही. विळा, कोयता, कुऱ्हाड शेतीच्या कामाची म्हणून त्यात धरत नाहीत.

एका गुरुजींकडं असा खोका चुकून आला. त्यांनी वरचं लेबल वाचलं, फटीतून मूठ दिसली, हात न लावता ठाण्यात फोन केला. गाव हसलं त्यांना. मी म्हणतो गुरुजी शहाणे. खोका आठवडाभर घरात राहिला असता तर पहिले प्रश्न त्यांनाच विचारले असते, मागवणाऱ्याला नंतर. लेबलचा फोटो काढा, फोन करा आणि स्टेशन डायरीत नोंद घ्यायला लावा. तोंडी ‘बरं, बघतो’ यावर घरी येऊ नका.

पुसदचा, सध्या ओहायोत नोकरीला

अमेरिकेत बंदूक कुणाच्याही घरी पार्सलनं येते असा आपल्याकडं समज आहे. तसं नाही. दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून घेतली तर ती इथल्या परवानाधारक दुकानदाराकडं येते. तिथं फॉर्म भरायचा, तपासणी व्हायची, मग हातात. तरी माझ्या दारात आली, कारण दुरुस्तीला गेलेली बंदूक मालकाच्या घरी थेट परत पाठवायला कायद्यात मुभा आहे. मालक आमच्याच वसाहतीतला. इमारत वेगळी, फ्लॅटचा नंबर तोच.

खोक्यावर आत शस्त्र असल्याची खूण नव्हती. तशी चिठ्ठी बाहेर लावा अशी सक्ती वाहतूक कंपनीला करताच येत नाही, चोरांची सोय नको म्हणून. घेणाऱ्याची सही मात्र घ्यावीच लागते. ती कुणी केली देव जाणे; खोका पायपुसण्यावर पडलेला. बायकोला वाटलं पडद्याचे दांडे आले.

माझी अडचण वेगळीच होती. मी एच-वन-बी व्हिसावर. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर या व्हिसावर बंदूक जवळ बाळगणं हाच इथं गुन्हा. शॉटगन दिसली तसं झाकण लावलं, कंपनीला फोन केला. पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, उद्या येऊन नेतो, तोवर आत ठेवा. म्हटलं, एक रात्रही नाही. पोलिसांच्या नेहमीच्या नंबरावर कळवलं. ते आले, माझा व्हिसा वगैरे काही न विचारता सीरियल नंबर टिपला, घेऊन गेले. दोन दिवसांनी मालक केक घेऊन आभार मानायला आला. आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिचं एकच: ‘पण तुलेच काहून आली?’

निवृत्त इतिहास शिक्षक, अकोला

वरच्या अनुभवाला पुरवणी. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींवर झाडलेली रायफल मारेकरी ओस्वाल्डनं खोट्या नावानं डॅलसच्या पोस्टबॉक्सवर टपालानं मागवली होती. १९६८ च्या कायद्यानं ती वाट बंद केली. पिस्तुलं टपालानं पाठवण्यावर बंदी त्याआधीच, १९२७ मध्ये आली होती.

गृहिणी, सिंदेवाही

सासरे गेले आणि बंदूक कपाटावर राहिली. तेरवीलाच दीर म्हणाले, ‘वहिनी, गादीत गुंडाळा आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाका, मी पुण्याला उतरवून घेतो.’ आमच्याकडून पुण्याला तांदूळ, लोणचं असंच जातं, त्यामुळं त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, भाऊजी, वाटेत गादी तिसऱ्यानंच उतरवली तर? पोलीस पाटलांना विचारलं. त्यांनी सांगितलं की परवाना सासऱ्यांबरोबर संपला; बंदूक ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडं जमा करा, पावती घ्या, मग वारसानं जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करायचा. त्यांच्यासोबत जाऊन जमा केली. भाऊजी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. अर्ज अजून कुणी केला नाही, पावती माझ्याकडं आहे.

पार्सल पोचवणारा, घाटंजी तालुका

सगळे आम्हालाच बोलता म्हणून लिहितो. आत काय आहे ते मलाही दिसत नाही, फक्त नाव, नंबर आणि ‘घरगुती वस्तू’. पार्सलमागं पैसे मिळतात, परत गेलं तर पेट्रोल माझं. गावात फोन लागत नाही, लागला तर माणूस म्हणतो, ‘वावरात हावो, ठेव ना बे ठेल्यावर.’ मग ठेवतो. पण लांब आणि जड खोका असला की आता ठेवत नाही. माणूस समोर पाहिजे, आधार कार्ड दाखवलं पाहिजे. एक काका लय तापले, छत्रीले आधार लागते का म्हणून. माझ्यासमोर खोका फाडला. छत्रीच होती, हातगाडीवर लावायची मोठी. वरून चहाचे पैसे मला द्यायला लावले.