व्हायोलिन: चौघांतलं ‘सेकंड’ वाजवून पोट भरतं का?

वेंगुर्ल्याची आई:
नमस्कार. लेक बारावीला आहे. गेली सात वर्षं दर शनिवारी एसटीने पणजीला वेस्टर्न व्हायोलिन शिकायला जाते. व्हायोलिनच्या परीक्षांची आठवी ग्रेड झाली. तिला यातच करिअर करायचंय, आमची ना नाही. पण तिचे सर म्हणतात, स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या तंतुवाद्यांच्या गटात बस, तेही सेकंड व्हायोलिनला. ह्यांना वाटतं, एवढं शिकून पोरीने दुसऱ्याच्या मागे का वाजवायचं? एकटीने वाजवलं तर नाव होईल. या वाटेने कोणी गेलंय का?

मालवणी_तारा:
ताई, मी गेलोय. मूळचा मालवणचा, आता मुंबईत, चौदा वर्षं सेकंडच वाजवतोय. सरांचं ऐका.

तुम्ही दशावतार पाहिलेला असणारच. संहिता नाही, संवाद रंगात आले की नट कुठल्या क्षणी पद उचलेल याचा नेम नाही, आणि तरी पेटीवाला बरोबर तिथे हजर असतो. त्याची नजर नटाच्या छातीवर असते, श्वास भरला की बोट पट्टीवर. क्वार्टेट म्हणजे तेच. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठा, खालच्या सुराचा) आणि एक चेलो (त्याहून मोठा, खर्जाचा). समोर काठी हलवणारा कोणी नाही. फर्स्टवाली नाकाने श्वास घेते तो ऐकून माझा गज सुटतो.

आणि सेकंड म्हणजे मागे नव्हे. हायडन या संगीतकाराच्या ओपस 76 या रचनासंचातलं तिसरं क्वार्टेट लेकीला काढायला सांगा. त्याच्या दुसऱ्या भागात एक चाल चार वेळा फिरून येते. पहिल्या फेरीला ती चाल सेकंडकडे आहे! फर्स्ट तिच्याभोवती बारीक नक्षी विणते, व्हायोला आणि चेलो गप्प. मी ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा हात कापत होता, कारण लपायला जागाच नव्हती.

मुंबईत 1935 साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे मेहली मेहता पन्नाशी उलटल्यावर फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये सेकंड वाजवायला बसले होते. हे तुमच्या ह्यांना जरूर सांगा.

पैशाचं खरं ते सांगतो. क्वार्टेटचे सगळ्यांत कमी मिळतात. घर चालतं ते शिकवण्या, रेकॉर्डिंग, लग्नाची रिसेप्शनं आणि ऑर्केस्ट्राच्या सीझनवर. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्यात बाहेरदेशचे वादकही बरेच, जागा मोजक्या. मला कामं येतात ती मात्र क्वार्टेटमुळेच. शेजारच्याचं ऐकून वाजवणारा माणूस दोन तालमींत तयार होतो, म्हणून त्याला पुन्हा फोन येतो.

सावंतवाडी_४१६५१०:
वाद्याकडेही बघा. व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं, आपल्याकडच्या पावसात कडेचे सांधे उकलतात. माझ्या मुलाचं जुलैत उकललं. कोणीतरी फेव्हिकॉल भरून दिला, आता ते नीट उघडतच नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि फुगलेली खुंटी जोर लावून फिरवू देऊ नका.

वेंगुर्ल्याची आई:
मालवणी दादा, ह्यांना वाचून दाखवलं. ते विचारतायत, व्हायोलाही शिकावा का?

मालवणी_तारा:
शिकावाच. मुंबईत व्हायोला वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आकार मोठा, बोटं जास्त ताणावी लागतात, नोटेशनचा क्लेफ (कुठल्या रेषेवर कुठला स्वर ते सांगणारी खूण) वेगळा; दोनेक महिने डोकं गरगरेल. चतुर्थीला मी घरी येतोय. माझा जुना व्हायोला माळ्यावर पडून आहे, सांधे शाबूत असतील तर घेऊन जा. आधी लेकीला सांगा, ती हायडनची सेकंडची ओळ पाठ करून यायची. फर्स्ट मी वाजवीन.