अनुभव धागा: स्वस्तातली पॉइंट टू टू गोळी, तुम्ही कशी पारखता?

नमस्कार नाशिककर मंडळी. मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षं एअर रायफल केली आणि आता 50 मीटरला उतरलीय. छर्रे परवडत होते हो, पॉइंट टू टू ला, म्हणजे 0.22 इंची दारूच्या गोळीला, आल्यावर सगळा हिशोबच फिसकटला. थ्री पोझिशनच्या (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन म्हणजे पोटावर झोपून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून) एका मॅचला 60 गोळ्या, सायटिंगच्या म्हणजे नेम जुळवायच्या वेगळ्या, वर सराव. आणि 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं याच प्रकारात ब्राँझ आणल्यापासून ही काही थांबायचं नाव घेत नाही. म्हणून यावेळी सरावाला 500 गोळ्यांची स्वस्तातली पेटी घेतली, तर पहिल्या 100 मध्येच 4 फुसक्या निघाल्या. एवढं चालतं का? आपल्याकडे दुकानात जाऊन चार ब्रँड उचलून आणता येत नाहीत, परवान्यावर नोंद असते, त्यामुळे ज्यांनी वापरलंय त्यांनी जरूर लिहा.

इंदिरानगर
दादा, 100 ला 4 म्हणजे फार झाल्या. या गोळीला मधोमध कॅप नसते, पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये आतून फिरवून भरलेला असतो. तो एका बाजूला कमी पडला आणि रायफलची पिन नेमकी तिथंच आपटली की गोळी गप्प. न वाजलेली गोळी लगेच बाहेर ओढू नका, नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबा, उशिरानं पेटणारी गोळी असू शकते, हे मुलीला पहिलं शिकवा. मग रिमवरची खूण बघा. खूण खोल आहे, आणि रेंजवरच्या सरांना विचारून तीच गोळी थोडी फिरवून लावल्यावर वाजली, तर दोष गोळीचा. खूण उथळ असेल तर आधी रायफल तपासा.

सातपूर
वरच्यांचं शेवटचं वाक्य माझ्या बाबतीत तंतोतंत खरं ठरलं. दोन महिने मी गोळीला शिव्या घातल्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला सराव, निफाडकडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, दहातली एक तरी मिसफायर व्हायची आणि अकरा वाजता ऊन तापलं की सगळं सुरळीत. मी टूलरूममध्ये काम करतो तरी डोक्यात प्रकाश पडला नाही! शेवटी बोल्ट (गोळी आत ढकलणारा, पिन असलेला भाग) उघडला तर आत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, पिन जोरात पुढं जाणार कशी? पुसून कोरडा केला आणि त्याच पेटीतल्या उरलेल्या गोळ्या सगळ्या वाजल्या.

पंचवटी
मिसफायरपेक्षा मला भीती वाटते अर्धवट वाजणाऱ्या गोळीची. आमच्या शेजारच्या लेनवर एकाच्या रायफलमधून नेहमीचा आवाज न येता नुसतं 'टुप्प' झालं आणि टार्गेटवर भोकच नाही. त्याला वाटलं नेम चुकला, दुसरी गोळी लावायला त्यानं बोल्ट मागे घेतला तेवढ्यात सर ओरडले, थांब! रॉड घातला तर साधारण वीतभर आत शिसं अडकलेलं. मागून दुसरी गोळी गेली असती तर नळी फुगली असती, कदाचित फाटलीही असती. आवाज वेगळा आला की हात थांबलाच पाहिजे, मॅच असो नाहीतर काहीही असो.

सराफ बाजार
घरी काटा आहे आणि परवानाही माझाच, म्हणून मी वजन करून गोळ्या वेगळ्या करायचो. अख्खी गोळी साधारण 3.3 ग्रॅम. पण फायदा फारसा झाला नाही आणि कारण नंतर कळलं, त्यात शिसंच जवळपास 2.6 ग्रॅम, दारू जेमतेम 0.07 ग्रॅम. शिशातला नाहीतर पितळेतला थोडासा फरक दारूतला फरक सहज गिळून टाकतो. एखादी फारच हलकी निघाली तर बाजूला काढा, त्यापलीकडे काटा काही सांगत नाही. त्यापेक्षा डोळ्यांनी बघा: खुल्या डब्यात एकमेकांवर आपटून शिशाचं टोक चेपलंय का, बोटानं हलवल्यावर शिसं पितळी केसमध्ये डुलतं का, शिशावरचं वंगणाचं मेण सगळीकडे लागलंय का.

गंगापूर रोड
दारूतला फरक टार्गेटवर दिसतो, उभा. साधारण 325 मीटर प्रति सेकंद वेग धरला आणि दोन गोळ्यांत 10 मीटरचा फरक पडला तर 50 मीटरवर 7-8 मिलीमीटर वरखाली होतात. मधलं दहा गुणांचं वर्तुळच 10.4 मिलीमीटरचं! म्हणून प्रोनला, टेकूवरून, पाच-पाच गोळ्यांचे निदान पाच ग्रुप मारा, एका सुंदर ग्रुपवर भुलू नका. ब्रँड बदलला असेल तर आधीच्या 15-20 गोळ्या मोजू नका, नळीला नवं मेण बसायला तेवढ्या लागतात.

नाशिकरोड
ताई म्हणून लिहिते, माझा मुलगा याच वाटेनं गेलाय. मिसफायर झाली तर निदान कळतं तरी, पण मधूनच एखादी गोळी दहाऐवजी आठच्या वर्तुळात जाते ना, ती पोराचं नुकसान करते. ट्रिगर दाबल्या क्षणी नेम कुठं होता हे त्याला बरोबर माहीत असतं, तो म्हणतो दहा, कागदावर आठ. असं वारंवार झालं की तो स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. आमचा तीन महिने श्वास, पोझिशन, जॅकेट सगळं बदलत बसला होता, रडलासुद्धा. मग सरांनी त्यांच्याकडच्या चांगल्या 20 गोळ्या दिल्या आणि त्याच दुपारी तो जिथं म्हणेल तिथंच भोक. स्वस्त गोळी मी अजूनही घेते, पण फक्त स्टँडिंगच्या सरावाला, तिथं आपलंच हलणं जास्त असतं. प्रोन आणि नीलिंगला नाही म्हणजे नाही. आणि डब्यावरचा लॉट नंबर (कुठल्या खेपेत बनली तो) वहीत लिहून ठेवा, नाव तेच असलं तरी लॉट बदलला की सगळं बदलतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सरांसमोर बघितलं, चारही गोळ्यांवर खूण चांगली खोल आहे. फिरवून लावल्यावर दोन वाजल्या, दोन नाहीच. म्हणजे रायफल ठीक दिसतेय. ताई, तुमचं वाचून लेकीला विचारलं, तुझे आठ कुठले गं? तर म्हणाली, "बाबा, मला वाटलं मीच चुकतेय." उरलेली पेटी फक्त स्टँडिंगला. या महिन्यात नाशिकमध्ये कुणी अशीच पेटी घेतली असेल तर लॉट नंबर कळवा, जुळवून बघू.