'कट्यार': पदं पडद्यावर आली, नाटक आलं का?

तिसरी घंटा
संगीत नाटकावरचा सिनेमा फसतोच असं माझं म्हणणं नाही. पण फसतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. गद्य संपतं आणि पद सुरू होतं, तो सांधा.

'कट्यार काळजात घुसली' घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं १९६७ चं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, आफताब हुसेन खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१५ च्या दिवाळीत त्यावर सुबोध भावे यांचा सिनेमा आला आणि तुफान चालला, हे मान्य. माझी तक्रार धंद्याबद्दल नाही.

रंगमंचावर खाँसाहेब चिडतात तो गळा आणि ताना घेतात तो गळा एकच असतो. संवादाचं शेवटचं वाक्य बोलता बोलता वसंतराव षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, जवळ सरकत, ऑर्गनवाला सूर धरून बसलेलाच असे, आणि पद कधी सुरू झालं ते कळतही नसे. सिनेमात सचिन पिळगावकर बोलतात आणि राहुल देशपांडे गातात. पिळगावकरांची नजर आणि उर्दूचा लहेजा उत्तम, राहुलच्या गाण्याबद्दल तर प्रश्नच नाही. पण बोलण्याचा आवाज एका खोलीतला, गाण्याचा दुसऱ्या. दर वेळी सांध्यावर खड्डा लागतो. खाँसाहेबांचा अहंकार त्यांच्या गळ्यात आहे. तो गळाच दोघांत वाटला तर पात्र कुठे उरलं?

फ्रेमवाला
निदान अर्धं बरोबर आहे, पण खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय. दोन आवाज असणं हा दोष नाही, आपल्याकडे सिनेमा त्यावरच उभा राहिला. कान खटकतो तो खोलीच्या गुंजेमुळे. संवाद डबिंगच्या कोरड्या बूथमधला, गाणं स्टुडिओत मोठ्या दरबाराची गुंज चढवलेलं. मिक्सिंगमध्ये संवादाच्या शेवटच्या दोन-तीन वाक्यांवर तीच गुंज हळूहळू चढवत न्यायची आणि तानपुरा पदाच्या आधी निदान वीस सेकंद संवादाखाली सोडून ठेवायचा. मग सांधा मऊ होतो. पदाच्या आधीचं वाक्य गायकाच्याच आवाजात घेण्याचीही सोय असते, पण मग दोन आवाजांचा पोत जुळवत बसावं लागतं.

दुसरं दुखणं तानेचं. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरा, म्हणजे सेकंदाला चार. दुप्पट तान घेतली की सेकंदाला आठ स्वर. कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम घेतो, म्हणून एका स्वराच्या वाट्याला तीन फ्रेम. जबडा दोन फ्रेम मागे राहिला तर दोन तृतीयांश स्वर हुकला. मूळ गायक नसलेल्या नटाकडून इतकी जुळणी पानभर तानेत सांभाळून घेणं जवळपास अशक्य. म्हणून जाणता दिग्दर्शक तानेच्या वेळी कॅमेरा तबल्याच्या हातावर नेतो, नाहीतर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. प्रेक्षकाला वाटतं, काय सुंदर शॉट घेतलाय!

काळी दोन
फ्रेमवाला, जबड्यापेक्षा श्वास जास्त चहाडी करतो. लांब तानेच्या आधी गायक पोटातून श्वास भरतो, बरगडी रुंदावते, खांदा हलत नाही. लिपसिंक करणारा नट छाती वर उचलतो, कारण त्याला श्वासाचा 'अभिनय' करायचा असतो. आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना गायकाचा चेहरा आधीच सैलावतो, मात्रा संपल्यावर नाही. या दोन गोष्टी शिकवल्या तर ओठ थोडे चुकले तरी चालतं. याच सिनेमात खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी झालेले शंकर महादेवन बघा. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं असूनही शरीर खोटं बोलत नाही, कारण ते स्वतः गायक आहेत. एकाच सिनेमात दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवलेत, तुलना आपोआप होते. आणि तिथे खाँसाहेब हरतात. कथेत नव्हे, पडद्यावर.

विंगेतून
पूर्ण असहमत. हा धागा नाटक पाठ असलेल्यांनी नाटक पाठ असलेल्यांसाठी काढलाय. सिनेमानं काय केलं तेही मोजा की.

१) 'घेई छंद मकरंद' हे पद नाटकात दोन चालींत येतं, सालगवराळीत आणि धानीत. शब्द तेच, घराणं वेगळं. सगळ्या वादाचं हे मर्म, पण राग न ओळखणाऱ्या प्रेक्षकाच्या कानावरून ते निसटून जाऊ शकतं. सिनेमानं दोन्ही चाली दरबारातल्या एकाच सामन्यात समोरासमोर आणल्या. बारा वर्षांच्या पोरालाही फरक कळतो.
२) 'सूर निरागस हो' हे नवं गाणं नांदीचं काम करतं. गणपतीला हात जोडून सुरुवात, म्हणजे संगीत नाटकाचाच रिवाज.
३) 'अरुणि किरणी'साठी महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शंकर-एहसान-लॉय यांनी नव्या चाली केल्या, पण अभिषेकीबुवांच्या चाली मोडून टाकल्या नाहीत. त्यांना हात लावताना बोटं आखडती घेतली, हे मोठंच श्रेय.

गळा वाटला गेला म्हणता, मग राहुल देशपांडे यांना खाँसाहेब करायचं होतं का? रंगमंचावर त्यांनी ती भूमिका केलीच आहे. पण रंगमंचावर दहाव्या रांगेपर्यंत पोचणारा अभिनय क्लोजअपमध्ये तसाच चालेल याची हमी कोण देणार?

तिसरी घंटा
मुद्दा १ चांगला आहे, मान्य करतो. पण तोच माझ्या तक्रारीचा पुरावाही आहे. दोन चाली लांबलांब आल्या की प्रेक्षक मनात पहिली धरून दुसरी ऐकतो, तुलना त्याची स्वतःची होते. सामन्यात ठेवल्या की दरबार ठरवतो कोण जिंकलं. ऐकण्याचं काम प्रेक्षकाच्या हातून काढून घेतलं.

शेंदूर
(नाव मुद्दाम घेतलंय.) आवाजाचा वाद चालू द्या, माझं दुखणं कथेचं. सिनेमात पंडितजींचा आवाज जातो, कारण त्यांना शेंदूर खाऊ घातला जातो. झालं! घराण्यांचा झगडा विषप्रयोगाच्या गुन्ह्यावर येऊन पडला. नाटकाचा खरा प्रश्न विद्या आणि कला यांतल्या फरकाचा. दुसऱ्याच्या घराण्यातलं गाणं शिष्य चोरून ऐकतो, उचलतो. ते त्याचं होतं का, गुरूनं ते द्यायचं का? एकदा कटकारस्थान आलं की प्रेक्षक गुन्हेगार पकडला जायची वाट बघत बसतो. वर रीमा लागूंच्या आवाजात कट्यारच निवेदन करते, म्हणजे जे पदांनी सांगायचं तेही आधीच सांगून टाकलेलं.

विंगेतून
निवेदनाबद्दल एक घर मागे येतो, ते जास्त झालंय. शेंदराबद्दल नाही. सिनेमाला कारण डोळ्यांना दिसावं लागतं.

फ्रेमवाला
हे सगळं टाळण्याचा एक रस्ता आहे: सेटवर प्रत्यक्ष गाऊन घ्या. २०१२ च्या 'ले मिझराब्ल'मध्ये टॉम हूपरनं तेच केलं. नटांच्या कानात छोटा इअरपीस, पलीकडे पियानोवादक नटाच्या लयीमागे जाणारा, वाद्यवृंद नंतर भरला. श्वास, हुंदका, कापरा आवाज, सगळं खरं. याच दिग्दर्शकानं २०१९ मध्ये 'कॅट्स'चं काय केलं ते सोडा. रंगमंचावर चेहऱ्याचा रंग आणि अंगाला घट्ट कपडे पुरत होते, तिथे संगणकानं केस चिकटवले आणि थिएटरात लागल्यावर सुधारलेली प्रत पाठवायची वेळ आली.

काळी दोन
ती पद्धत नाट्यपदाला जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे स्वरलेखन ठरलेलं, गायक फार तर लय ओढतो. आपल्याकडे तबला नंतर भरता येत नाही. गायक तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा) घेतो ती तबल्याच्या ठेक्याशी खेळत, कानात नुसता पियानो ऐकून नव्हे. मग तबलजी सेटवर हवा, आणि तबला सेटवर आला की तो कपड्यातल्या माइकमध्ये शिरतो. शिवाय प्रत्येक टेकमध्ये तान वेगळी. पहिल्या टेकचा मुखडा आणि तिसऱ्या टेकची तान जोडता येत नाही. म्हणजे तीन-चार कॅमेरे एकदम लावून अख्खं पद एका दमात. खर्च वाढेल, प्रकाशयोजना तडजोडीची होईल. जमू शकतं, पण निर्मात्याला पटवा.

विंगेतून
आणि तसं केलं तरी हाती काय लागेल? नाटकाचं चित्रीकरण. तो प्रयोग होऊन गेलाय. बालगंधर्वांचा 'साध्वी मीराबाई' १९३७ मध्ये आला, रंगमंचावरचं 'अमृतसिद्धी' जवळजवळ तसंच पडद्यावर. गळा तोच, माणूस तोच, सांध्यावर खड्डा नाही. पडला. नाट्यगृहात वन्स मोअर देणारा प्रेक्षक गाण्याची लांबी ठरवतो, पडद्यासमोर तो सोय गमावून बसतो.

शेंदूर
'साध्वी मीराबाई' पडला तो कॅमेरा हलला नाही म्हणून. गळा एक होता म्हणून नव्हे. दोन्हींची गल्लत नको.

मानापमानवाला
२०२५ च्या जानेवारीत आलेला 'मानापमान' कुणी काढत कसं नाही? खाडिलकरांच्या १९११ च्या नाटकात गोविंदराव टेंबे यांच्या चाली. 'प्रेम सेवा शरण' मुळात भीमपलासात होतं, मास्टर दीनानाथांनी ते मुलतानीत नेलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. म्हणजे चाल बदलणं हे पाप नाहीच, परंपराच आहे. पण दीनानाथांनी शब्द तेच ठेवले. नव्या सिनेमात नवी गाणी नव्या शब्दांसह आली, तर मग नाव कशाला हवं होतं?

काळी दोन
याला मात्र दुजोरा. 'कट्यार'शी भांडता येतं, कारण मूळ चाली तिथे आहेत.

तिसरी घंटा
फ्रेमवाला, एक खरं सांगा. संवादाखाली वीस सेकंद तानपुरा सोडला आणि नटाच्या बोलण्याची पट्टी तानपुऱ्याच्या पट्टीच्या, समजा काळी एकच्या, आसपासच नसली तर? तानपुरा उलट उघडा पाडेल.

फ्रेमवाला
पाडेल. म्हणून डबिंगला नटाच्या एका कानात तानपुरा द्यायचा. शेवटचं वाक्य तो आपोआप पंचमावर नाहीतर षड्जावर टेकवतो. नाही टेकवलं तर दुसरा टेक.