मदत हवी आहे: खानापूर (बेळगाव) भागात आधारगट, मराठी-कन्नड दोन्ही येणारी माणसं हवीत

व्यसन किंवा मानसिक आजारातून सावरलेल्यांनी सावरणाऱ्यांना धरायचं, असा आठवड्याचा गट बसवतोय. ८-१० जण, दीड तास, बाजाराच्या दिवशी. म्हणजे वेगळा रोजगार बुडत नाही. कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळे तिथल्या बायकांना राज्यात सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पुरुषांच्या भाड्याचीच सोय बघायची आहे.

पहिली अडचण दारूची. रोज भरपूर पिणाऱ्याला घरचे शपथ घालून एकदम बंद करायला लावतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप, जीवावर बेततं. म्हणून गटात घेण्याआधी डॉक्टरकडे नेणं सक्तीचं ठेवलंय. जेवणातून चोरून डायसल्फिराम (दारू सोडवायची गोळी) देणाऱ्यांनाही आवरायला हवं. त्यावर माणूस दारू प्याला तर रक्तदाब कोसळू शकतो. (मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय देतात, काय बोलायचं!)

दुसरी, मानसिक आजाराच्या गोळ्यांची. बरं वाटलं की सोडतात, मग आजार उलटतो. गटाने डोस सांगायचा नाही, फक्त पुढची तारीख आणि किती गोळ्या उरल्या एवढं विचारायचं.

आता हवंय ते सांगा. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) कन्नड फॉर्म भरून देणारं कोणी? बहुतेक सवलतींसाठी मानसिक आजाराचा किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, तिथेच लोक अडकतात. बायकांचा गट चालवणारी बाई? रात्री कोणी आत्महत्येचं बोललं तर त्याला एकटं न सोडता १४४१६ वर टेलि-मानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) फोन लावतो. पण सोबत बसायला गावोगावी दोघं-दोघं तरी लागतील. निपाणी, चंदगडकडचेही चालतील.