खोल म्हणजे जुनं, पण खड्ड्याचं काय?
कुणीतरी लिहिलंय की उत्खननात वस्तू जितकी खोल सापडेल तितकी जुनी, विषय संपला. ढोबळमानाने बरोबर आहे पण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाचं उदाहरण घ्या, तिथे खाली जुन्या माळवा संस्कृतीचे, वर नंतरच्या जोर्वे संस्कृतीचे असे थर आहेत आणि जोर्वेचे लोक लहान मुलांना घराच्या जमिनीखाली पुरायचे, दोन मडकी तोंडाला तोंड लावून. आता ते मडकं खड्ड्यामुळे जुन्या थरात जाऊन बसलं म्हणून ते माळवा काळातलं होतं का? नाही ना. खड्डा कुठल्या थरातून खणायला सुरुवात झाली ते बघायचं, मातीचा रंग बदललेला दिसतो कडेला. आणि खापर तर बोलतंच, जोर्वेचं पक्कं भाजलेलं, लाल अंगावर काळी नक्षी, टिचकी मारली की खणखणतं.
उलट महाराष्ट्रातल्याच दायमाबादच्या ब्राँझच्या मूर्ती बघा. १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना गावकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा, रेडा असं घबाड मिळालं, पण रीतसर उत्खननात नाही, त्यामुळे थराचा पुरावाच पक्का नाही आणि काळाबद्दल अभ्यासक अजून भांडतायत. कोणी उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातलं म्हणतं, तर कोणी धातूतल्या आर्सेनिककडे बोट दाखवून शंका काढतं.