हेअर ट्रान्सप्लांटचा २६ वा दिवस: लावलेले केस मुळासकट गळून रायले का?

दर्यापूरचं_वावर

१० जूनला नागपूरला एफयूई पद्धतीनं (डोक्याच्या मागून एकेक मूळ सुटं काढून) २,४०० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचे बारीक पुंजके, लावले, पुढची लाइन आणि मधला भाग. खपल्या १२ व्या दिवशी निघाल्या, रक्त आलं नाही. २० व्या दिवसापासून लावलेले केस गळून रायले. धुताना ४०-५० हातात येतात आणि टोकाला पांढरी गाठ दिसते. जाणकारांनी सांगावं:

ही गाठ म्हणजे मूळच निघालं काय? लावलेल्या जागेमागचे जुने केसही विरळ काहून झाले? १५ व्या दिवसापासून केस वाढवायचं लावायचं औषध, मिनॉक्सिडिल ५ टक्के, चालू आहे, त्यानं गळत असतील तर बंद करू काय? आणि कपाशीवर फवारा मारायचा आहे, घरचं पाणी बोरचं, खारं. त्याचं काय करावं?

केशचक्र

मूळ निघालेलं नाही. ग्राफ्ट सैल असतो तो पहिले ७ ते १० दिवस. तेव्हा खरंच निघाला तर कळतं: जागेवर ताजं रक्त येतं आणि हातात ४-५ मिलिमीटरचा ओलसर, मांसल तुकडा येतो. २६ व्या दिवशी धुण्यानं तसं होत नाही. तुम्हाला दिसते ती कोरडी पांढरी गाठ विश्रांतीत गेलेल्या केसाचं टोक आहे. रोज उशीवर पडणाऱ्या साध्या केसालाही ती असते. केस घडवणाऱ्या मूळपेशी कातडीतच राहतात.

गळतात का, ते नीट समजून घ्या. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, २-३ आठवड्यांत वाढ आटोपती घेतो आणि साधारण ३ महिने थांबतो. एरवी प्रत्येक केसाचा हा फेरा वेगवेगळ्या वेळी चालतो, म्हणून दिवसाला ५०-१०० केस जाऊनही डोकं भरलेलं दिसतं. ग्राफ्ट काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पहिले २-३ दिवस तो आजूबाजूच्या झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, मग बारीक रक्तवाहिन्या जुळायला लागतात. या धक्क्यानं जवळजवळ सगळी मुळं एकदमच विश्रांतीत जातात. म्हणून गळती लाटेसारखी येते, २ ऱ्या आठवड्यापासून ६ व्या आठवड्यापर्यंत. थोडे केस न गळता वाढत राहतात, तेही ठीक. कमी गळले म्हणजे ऑपरेशन जास्त चांगलं झालं, असं अजिबात नाही.

जुने केस विरळ होण्याला शॉक लॉस म्हणतात. सुया, सूज आणि भुलीच्या पाण्याचा ताण शेजारच्या केसांनाही बसतो. त्यातले जाड केस ३ ते ६ महिन्यांत परततात. आधीच बारीक होत आलेले काही मात्र कायमचे जाऊ शकतात, आणि हे ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं. मागच्या, केस काढलेल्या भागातही असे चट्टे पडतात. ते बहुतेक भरतात.

वरूडचा_बागवान

संत्र्याच्या बागेवाल्याले हे लवकर समजते. मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडून झाडाले ताण देतो, पानं पिवळी पडून गळतात. तवा कोणी झाड मेलं म्हणत नाही, अन् रोज खोड खरवडून ओलं आहे काय तेही पाहत नाही. डोकं पण रोज आरशात चाचपू नोका भाऊ.

हिशोब असा धरा. पोळ्यापर्यंत डोकं सगळ्यात उजाड दिसन, कदाचित ऑपरेशनच्या आधीपेक्षाही. ३ ऱ्या-४ थ्या महिन्यात बारीक लव फुटते. दिवाळीत फरक दिसाले लागन, पण केस पातळ अन् वाकडेतिकडे असतात. ६ महिन्यांत साधारण निम्मं, होळीपर्यंत बरंचसं. पुढच्या मृगात १२ महिने होतात, तवाच निकाल ठरवा. टाळूवर, भोवऱ्यापाशी लावले असते तर १५ ते १८ महिने धरा लागले असते. केस महिन्याले १ सेंटीमीटरच्या आसपास वाढते, त्यापेक्षा घाई कोणत्याच तेलानं होत नाही. कांद्याचा रस तर लावूच नोका, कातडी भाजते.

ड्रेसिंग_टेबल

मिनॉक्सिडिलबद्दल. सुरू केल्यावर २ ते ८ आठवड्यांत तेही जुने केस गाळतं, कारण थांबलेल्या मुळांना ते नव्या फेऱ्यात ढकलतं. तुमच्याकडे दोन कारणं एकावर एक आलीत. बंद-चालू केलं तर दोन्ही गळत्या भोगाल आणि फायदा एकही नाही. दिवसातून दोनदा १ मिलिलिटर, कोरड्या कातडीवर. जळजळ झाली, लाल पडलं, तर थांबून सर्जनला विचारा. लावलेल्या केसांवर मागच्या भागाचा, टक्कल न पडण्याचा स्वभाव राहतो (अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं), पण जुन्या केसांना ते संरक्षण नाही. त्यांच्यासाठी टक्कल रोखणाऱ्या फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम गोळीचा विचार डॉक्टरसोबत करा. घरात गरोदर बाई असेल तर तिनं तुटलेली गोळी हाताळू नये, आणि ही गोळी चालू असताना रक्तदान करू नका.

खारपाणपट्ट्यातलं पाणी ग्राफ्ट मारत नाही. अडचण वेगळीच आहे: त्यात शाम्पूला फेस येत नाही, मग माणूस जोरात चोळतो आणि कातडी कोरडी पडते. महिनाभर डोक्यापुरतं एक-दोन तांबे आरओचं पाणी वापरा. सौम्य शाम्पू आधी तळहातावर पातळ करून लावा, नखं नाही, बोटांची पेरं.

फवारा मात्र अजून महिनाभर दुसऱ्याकडून मारून घ्या, हा आग्रह आहे. डोक्याची कातडी हाताच्या कातडीपेक्षा औषध जास्त शोषते, आणि तुमची नुकती भरून येतेय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, ते विसरू नये. वावरात जाल तेव्हा सैल सुती टोपी किंवा दुपट्टा, घट्ट आवळून नाही. घामानं भिजला की बदला. थेट उन्हापासून ३ महिने जपा.

दर्यापूरचं_वावर

खूप आधार वाटला. दोन पुरळ आलेत लावलेल्या जागी, पांढरं तोंड आहे. अन् ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मले टायफॉइड होऊन गेला होता, तो डॉक्टरले सांगायचा राहिला.

केशचक्र

हे महत्त्वाचं आहे. मोठ्या तापानंतर २-३ महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस गळतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ऑगस्टच्या आसपास. ती गळती बाजूंनाही दिसेल. तेव्हा ट्रान्सप्लांट फसलं असं समजू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडे विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे, तपासणी कधीच झाली नसेल तर तीही करा आणि सर्जनला टायफॉइडसह सगळं कळवा.

पुरळ फोडू नका. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं १० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा ठेवा. नवा केस कातडीत अडकला की २ ते ४ महिन्यांतही असे एक-दोन येतात. पाच-सहाच्या वर गेले, पू पसरला, दुखायला लागलं किंवा ताप आला तर फोनवर फोटो पाठवून भागवू नका, त्याच दिवशी जाऊन दाखवा.

दर महिन्याच्या १० तारखेला एकाच खिडकीपाशी, ओले केस मागे विंचरून, समोरून आणि वरून फोटो काढा. १२ महिन्यांच्या आत कोणी आणखी ग्राफ्ट लावायला सांगत असेल तर पहिल्या फोटोपासून सगळे त्यांच्यासमोर ठेवा.