चावी नर्मदेत, गाडी ओंकारेश्वरला: बी-३०४ला मदत हवी आहे

सोमवार, रात्र

निखिल (बी-३०४): नमस्कार सगळ्यांना. अर्जंट आहे म्हणून ग्रुपवर टाकतोय. आज आईला घेऊन ओंकारेश्वरला गेलो होतो. कोटितीर्थ घाटावर तिचा हात धरून उतरताना कुर्त्याच्या खिशातून गाडीची चावी पाण्यात गेली. आपला श्रावण अजून लागायचाय, पण इथल्या सावनातला सोमवार, पाय ठेवायला जागा नव्हती आणि पाणी गढूळ. खूप शोधली, मिळाली नाही. गाडी तिथल्या पार्किंगमध्ये लॉक करून उभी आहे, आम्ही बसने इंदूरला परत आलो. दुसरी चावी नाही. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली तेव्हा एकच मिळाली होती. बटण दाबलं की पातं बाहेर उघडतं, तशी चावी होती. उद्या काय करू?

मीनल (सी-२०१): अरे देवा! आई बऱ्या आहेत ना?

निखिल (बी-३०४): हो वहिनी. भेरूघाटात बस अडकली होती, दमली आहे एवढंच.

सुहास (ए-३०१): निखिल, राजवाड्याकडच्या एखाद्या चावीवाल्याला सोबत घेऊन जा. माझ्या गाडीची चावी तिथल्याच एकाने कानस मारून दहा मिनिटांत करून दिली होती. दीडशे रुपये.

वसंत काका (ए-१०२): सुहास, तुझी मारुती ८०० होती, तिला ते चाललं. निखिलच्या गाडीला नाही चालणार. निखिल, आज रात्री काही होणार नाही, जेवून झोप. पण सकाळी कुणालाही घेऊन निघू नकोस, आधी माझं वाच. तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घातलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९८३च्या डिसेंबरात पहिल्या मारुती ८००ची चावी इंदिरा गांधींनी मालकाच्या हातात दिली, ती निव्वळ धातूची होती. खाचा जुळल्या की दार उघडायचं, खाचा जुळल्या की गाडी चालू. अशी चावी कोणीही कानशीने करून देतो. पुढे गाडीचोऱ्या वाढल्या. युरोपात ऑक्टोबर १९९८पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला, आणि हळूहळू आपल्याकडच्या गाड्यांतही आला.

त्यात होतं असं. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. तिला सेल लागत नाही. तुम्ही चावी घालता त्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की ते वेटोळं चिपला क्षणभर वीज पुरवतं, चिप आपला नंबर सांगते आणि गाडीचा कॉम्प्युटर तो ओळखतो. ओळख पटली नाही तर गाडी चालूच होत नाही, किंवा चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते, आणि मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत राहतं. म्हणजे कानस मारून केलेल्या चावीने निखिलचं दार उघडेल, पण गाडी ओंकारेश्वरलाच राहील.

सुहास (ए-३०१): हे खरंच माहीत नव्हतं काका. मग वरची बटणं?

वसंत काका (ए-१०२): ती तिसरी गोष्ट. एकाच चावीत तीन वस्तू आहेत असं समज. पातं कुलपासाठी, चिप इंजिनसाठी आणि रिमोट दारांच्या लॉकसाठी. सेल फक्त रिमोटला लागतो. म्हणून रिमोट मेला तरी पात्याने दार उघडतं आणि चिपवर गाडी चालू होते. माणसं घाबरून टोइंग बोलावतात, दोष शंभर रुपयांच्या सेलचा असतो.

प्राजक्ता (ए-४०३): काका, आमच्या गाडीला तर चावी घालायची जागाच नाही, बटण दाबून चालू होते. तिचा सेल संपला तर?

वसंत काका (ए-१०२): प्राजक्ता, ती स्मार्ट चावी. तिच्या कडेला छोटा खटका असतो, तो सरकवलास की आतून बारीक पातं निघतं. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलपाशी नीट बघ, भोक दिसत नसेल तर एका छोट्या झाकणाखाली असतं. दार उघडून आत बस, चावी स्टार्ट बटणाला टेकवून धर, ब्रेक दाब आणि बटण दाब. बहुतेक गाड्यांत हेच चालतं. काहींत टेकवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. एकदा घरच्या पार्किंगमध्ये करून बघ. रस्त्यावर, पावसात पहिल्यांदा करायला लागू नये.

आणि तुझ्याकडे लहान बाळ आहे म्हणून कळकळीने सांगतो, जुना सेल टेबलावर ठेवू नकोस. मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून जळायला लागते. शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल, वाट बघायची नाही.

प्राजक्ता (ए-४०३): बाप रे. आत्ताच ड्रॉवरमधले दोन जुने सेल टेप गुंडाळून वर ठेवले.

निखिल (बी-३०४): काका, मी कंपनीच्या शोरूमला विचारलं. म्हणाले गाडी टो करून आणा, आरसी, ओळखपत्र आणि चावी हरवल्याची नोंद द्या, चावी वरून मागवावी लागेल, आठ-दहा दिवस लागतील.

वसंत काका (ए-१०२): ते चूक सांगत नाहीत. चावी चेसिस नंबरवरून बनून येते, म्हणून दिवस लागतात. एकही चावी शिल्लक नसली तर काही मॉडेलांत कुलपांचा सेट आणि इमोबिलायझरचा डबाही बदलायला सांगतात, ते विचारून घे. दुसरा रस्ता म्हणजे मशीन घेऊन गाडीपाशी येणारा चावीवाला. असे इंदूरला आहेत. पण जो आरसी आणि तुझं ओळखपत्र बघितल्याशिवाय निघायला तयार होईल, त्याला नेऊ नकोस. तो तुझ्यासाठी उघडतो तसं कुणासाठीही उघडेल.

हरवल्याची नोंद आजच कर, एमपी पोलीसच्या सिटिझन पोर्टलवर ऑनलाइन होते. आणि ज्याच्याकडून गाडी घेतलीस त्याला सकाळी फोन कर. नव्या गाडीच्या चाव्यांबरोबर नंबर कोरलेला छोटा टॅग मिळतो, धातूचा किंवा प्लॅस्टिकचा. लोक तो बिल्ला समजून फाइलमध्ये टाकतात आणि विसरतात. तो मिळाला तर अर्धं काम झालं.

शैलजा आत्या (बी-१०१): निखिल, मी इन्शुरन्समध्ये होते म्हणून सांगते. पॉलिसी काढून बघ, चावी बदलण्याचं ॲड-ऑन घेतलंय का. घेतलं असेल तर काम करण्याआधी कंपनीला कळव, नंतर बिल पाठवलं तर वाद होतो. बाकीच्यांनीही लक्षात ठेवा, गाडी चोरीला गेली की क्लेमच्या वेळी दोन्ही चाव्या मागतात. एक दिली की प्रश्न सुरू, दुसरी कुठे, कुणाकडे होती, कधी हरवली. हरवली तेव्हाची नोंद हातात असली की उत्तर देता येतं.

मंगळवार

निखिल (बी-३०४): काका!! आधीचे मालक देवासला आहेत. दुसरी चावी त्यांच्याकडूनही हरवलेली, पण टॅग जुन्या फाइलमध्ये सापडला. त्यांनी फोटो पाठवला, हा बघा.

[फोटो]

वसंत काका (ए-१०२): निखिल, फोटो लगेच काढ. सगळ्यांसाठी डिलीट कर. आत्ता.

हा मेसेज डिलीट केला गेला

निखिल (बी-३०४): केला काका. काय झालं?

वसंत काका (ए-१०२): बेटा, रागावलो नाही. त्या नंबरवरून तुझ्या गाडीच्या पात्याच्या खाचा जशाच्या तशा कापता येतात, चावी हातात नसतानाही. या ग्रुपवर दीडशे माणसं आहेत, भाडेकरू सोडून गेले तरी ग्रुपमध्ये राहतात. माझा इथे कुणावर संशय नाही, पण तो नंबर म्हणजे चावीच आहे. पात्याचा स्पष्ट फोटोही तसाच. नवी गाडी घेतली की हातात चावी धरून फोटो टाकता ना, त्यात पातं झाकून धरा.

मीनल (सी-२०१): आमचा टाकलाय मी, दिवाळीतला. काढते आत्ताच.

निखिल (बी-३०४): समजलं काका. एक चावीवाले मिळालेत, त्यांनीच आधी आरसी मागितली. उद्या सकाळी सहाला निघतोय. एकच चावी करू का दोन? एकीचेच बरेच सांगतायत.

वसंत काका (ए-१०२): दोन. यावर विचारच करू नकोस. एक चालू चावी हातात असताना दुसरी करणं सोपं असतं. एकही नसली की माणूस, मशीन, प्रवास, सगळं नव्याने. उद्या तो तिथे मशीन लावून बसलेलाच असेल, तेव्हा दुसरीचा खर्च फार कमी येईल.

आणखी दोन गोष्टी त्याला सांग. एक, नवी चावी गाडीच्या मेमरीत टाकताना आधीच्या सगळ्या पुसून टाक. मग नर्मदेतली कुणाला सापडली तरी इंजिन चालू होणार नाही. दार मात्र उघडेल, म्हणून किमती सामान गाडीत ठेवत जाऊ नकोस. दोन, काम सुरू करण्याआधी गाडीच्या बॅटरीचे व्होल्ट मोजायला लाव. दोन दिवस उभी आहे. मध्येच बॅटरी बसली तर प्रोग्रॅमिंग अर्ध्यावर तुटतं आणि नवीनच दुखणं होतं.

सुहास (ए-३०१): काका, माझ्या आत्ताच्या गाडीची चावी चालू आहे, फक्त डुप्लिकेट हवी. एक जण म्हणाला कॉपी करून देतो, गाडी आणायचीही गरज नाही. करावी का?

वसंत काका (ए-१०२): त्याला क्लोन म्हणतात. जुन्या चिपचा नंबर नव्या चिपवर उतरवतात, गाडीला दोन्ही एकच वाटतात. चालते, स्वस्त पडते. पण उद्या एक हरवली तर तेवढीच पुसता येत नाही, नंबर एकच ना. माझं मत विचारशील तर थोडे जास्त दे आणि गाडीत वेगळी नोंदवून घे. सगळ्या चिपांचा क्लोन होतही नाही.

आणि चावीची केस, म्हणजे वरचं प्लॅस्टिकचं कवच, तुटली म्हणून बाजारातून नवी केस आणून स्वतः बदलणार असलात, तर जुनी फेकू नका. काही चाव्यांत चिप सर्किटवर नसते, केसच्या एका कप्प्यात वेगळी चिकटवलेली असते. लोक सर्किट आणि पातं नव्या केसमध्ये घालतात, जुनी कचऱ्यात जाते. रिमोट छान चालतो आणि गाडी चालू होत नाही. एका बाईंची केस आम्ही सुक्या कचऱ्याच्या पिशवीतून शोधून काढली होती, कचरागाडी गल्लीत शिरलेली होती तेव्हा.

बुधवार

निखिल (बी-३०४): गाडी घेऊन निघालो. मोरटक्क्याला चहाला थांबलोय, म्हणून लिहितोय. टॅगच्या नंबरवरून त्यांनी पातं इंदूरलाच कापून आणलं होतं. दार पहिल्या फेरीत उघडलं, काच-बीडिंग कशालाच हात लावावा लागला नाही. बॅटरी मोजली, १२.४ व्होल्ट. मग स्टीअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावलं. मीटरवरचं चावीचं चित्र लुकलुकत होतं, त्याच्याकडे बघत मी श्वास धरून बसलो होतो. पंधरा-वीस मिनिटांनी ते विझलं आणि गाडी चालू झाली. रिमोट मात्र चालेना. मला वाटलं फसलो. ते म्हणाले रिमोट वेगळा शिकवावा लागतो, आणि पाच मिनिटांत तोही झाला. जुनी चावी पुसली. दोन चाव्या, येणं-जाणं धरून साडेसात हजार. आईने तिथेच एक चावी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

वसंत काका (ए-१०२): शाब्बास. जीव भांड्यात पडला. घाटात सावकाश ये. आल्यावर दोन्ही चाव्यांनी एकेकदा दार, इंजिन, डिकी सगळं करून बघ. टॅग गाडीत ठेवू नकोस, घरात आरसीच्या झेरॉक्सबरोबर ठेव.

शैलजा आत्या (बी-१०१): बिल आणि नोंदीची प्रत जपून ठेव रे.

मीनल (सी-२०१): काका, तुमचं वाचून मी कपाट उपसलं. आमची दुसरी चावी गणपतीच्या माळांच्या खोक्यात निघाली, चार वर्षांनी! दार उघडतं, गाडी चालू होते, बटणं मेलेली आहेत. सेल कोणता आणू?

वसंत काका (ए-१०२): मीनल, नाण्याने केस हळूच उघड आणि जुन्या सेलवरचा नंबर वाच. सीआर २०३२ असेल तर तोच आण, २०२५ नको. दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर, पण २०३२ची जाडी ३.२ आणि २०२५ची २.५, पातळ बसवला की पत्र्याला नीट टेकत नाही. नवा घालताना अधिकची खूण कुठल्या बाजूला होती ते बघून ठेव. उघडत नसेल तर जोर करू नकोस, संध्याकाळी सातला मी खाली पार्किंगमध्ये आहे, घेऊन ये.